मीखलचे पाच मुलगे

ठाण्याला आमच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर एक बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू समाजातल्या, आजी राहायच्या. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि काही आठवडे वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा संध्याकाळी त्यांना वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे आलं. पुस्तक ठरलेलं असायचं. जाड पुठ्ठ्याचं, कडा तपकिरी पडलेलं मराठी शास्त्र, म्हणजे यहुद्यांचं बायबल. पान उलटलं की डांबरगोळ्यांचा आणि बंद कपाटाचा वास यायचा. आजींना दावीद राजाच्या कथा फार प्रिय, म्हणून शमुवेलाची दोन्ही पुस्तकं आम्ही ओळीने घेतली होती. दुसऱ्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय आला. तीन वर्षांचा दुष्काळ, गिबोनी लोकांचं जुनं रक्ताचं देणं, त्यापायी दावीदाच्या आधीचा राजा शौल याच्या घराण्यातले सात पुरुष त्यांच्या हवाली करायचं ठरतं. दोन रिस्पाचे मुलगे, आणि ‘शौलाची मुलगी मीखल हिचे पाच मुलगे’. एवढं वाचलं आणि आजींनी हात वर केला. “थांब. तिला तर मूलच नव्हतं ना गं? तूच वाचलंस परवा.” मी पानं मागे उलटली. सहाव्या अध्यायाचं शेवटचं वाक्य तिथेच होतं: शौलाची मुलगी मीखल हिला मरेपर्यंत मूल झालं नाही. एकाच पुस्तकात, पंधरा अध्यायांच्या अंतरावर, एकाच बाईविषयी ही दोन वाक्यं. “मग ही पाच पोरं आली कुठून?” आजींनी विचारलं. स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली, त्यांची सून हाक मारत आली, आणि त्या दिवशीचं वाचन तिथेच थांबलं.

प्रश्न मात्र माझ्याबरोबर जिना चढून वर आला.

मीखल ही शास्त्रातली छोटीशी बाई. तिचे सगळे प्रसंग एकत्र केले तरी दोन-तीन पानांच्या वर जाणार नाहीत. पण तिचा प्रवेश ज्या वाक्याने होतो तसं वाक्य त्या जगात दुसऱ्या कुणा स्त्रीच्या वाट्याला आलेलं नाही. मीखलचं दावीदावर प्रेम बसलं, असं कथा सांगणारा सरळ सांगून टाकतो. हिब्रू शास्त्रातल्या कथांमध्ये पुरुष स्त्रियांवर प्रेम करतात, याकोब राहेलसाठी चौदा वर्षं राबतो. पण एका स्त्रीचं एका पुरुषावर प्रेम आहे, असं निवेदकाने स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं हे एकच ठिकाण. उलट बाजूने काय आहे? दावीदाला राजाचा जावई व्हायची कल्पना पसंत पडली. बस, इतकंच. त्याचं तिच्यावर प्रेम होतं असं पुढे कुठेही आलेलं नाही. तिची थोरली बहीण मेरब आधी दावीदाला देऊ केली होती आणि ऐन वेळी महोलाच्या अद्रीएलशी तिचं लग्न लावून दिलं होतं. मग धाकटीचं मन राजाच्या कानावर गेलं, आणि शौलाला त्यात सापळा दिसला. देज म्हणून त्याने शंभर पलिष्ट्यांच्या अग्रत्वचा मागितल्या, म्हणजे पोरगा परस्पर शत्रूच्या हातून मरेल. पोरगा मेला नाही. मूळ हिब्रू पाठात तो दोनशे आणतो, जुन्या ग्रीक भाषांतराच्या पाठात शंभर, आणि पुढे बायको परत मागताना तो स्वतः शंभरच म्हणतो. तिच्या लग्नाचा आकडादेखील नीट एक राहिलेला नाही.

मग ती रात्र. बापाची माणसं घराबाहेर दबा धरून बसलेली, सकाळ झाली की दावीदाला मारायचं ठरलेलं. मीखल त्याला सांगते, आज रात्री जीव वाचवला नाहीस तर उद्या मेलास म्हणून समज. ती त्याला खिडकीतून खाली सोडते. अंथरुणात घरातली देवाची मूर्ती निजवते, उशाला बकऱ्याच्या केसांचं काहीतरी ठेवते, वर पांघरूण घालते आणि दारात आलेल्यांना सांगते, ते आजारी आहेत. हा तपशील मला फार आवडतो. त्या केसांचा राठ स्पर्श, अंधारात चाचपडत केलेली उशी, पांघरुणाची टोकं खोचणारे हात. राजकन्येने असलं काम आधी कधी केलं नसणार. पकडली गेल्यावर ती बापाला सांगते, त्याने मला मारायची धमकी दिली. नवऱ्यासाठी एक खोटं, स्वतःच्या जिवासाठी दुसरं. त्या रात्री सगळं तीच करते. दावीद त्या प्रसंगात एक शब्दही बोलत नाही.

यानंतर बराच काळ ती कथेतून नाहीशी होते. मध्ये एकदा, दावीदाच्या अबीगईलशी झालेल्या लग्नाच्या प्रकरणाला जोडून, एका ओळीत कळतं की शौलाने तिला गल्लीमच्या पालटीला देऊन टाकलं. दावीद त्या वर्षांत रानोमाळ हिंडतो, दुसऱ्या बायका करतो. तो मीखलच्या भावाला, आपल्या मित्राला, योनाथानाला भेटायला मार्ग काढतो, आईबापांना मवाबात सुखरूप पोचवतो. मीखलला निरोप धाडल्याचं कुठे आलेलं नाही. शौल लढाईत पडतो, दावीद हेब्रोनात राजा होतो, आणि शौलाचा सेनापती अबनेर बाजू बदलायला निघतो तेव्हा दावीदाची पहिली अट असते की माझी बायको मीखल घेऊन ये, नाहीतर माझं तोंड पाहू नकोस. शौलाच्या घराण्यावरचा हक्क त्या लग्नातून येतो, हे न कळण्याइतकं कुणी भाबडं नाही. तिला पालटीच्या घरातून उचलून आणतात. आणि तो पालटी, ज्याच्याविषयी आपल्याला नावागावापलीकडे फारसं काही माहीत नाही, तिच्या मागे रडत रडत चालत येतो. बहूरीमपर्यंत. मग अबनेर त्याला म्हणतो, जा, परत जा. तो परत जातो.

या एका वाक्यावर मी कितीदा तरी थबकले आहे. मीखलसाठी रडलेला हा एकुलता एक माणूस, आणि त्याला ‘परत जा’ एवढंच उत्तर मिळालं. ती मागे वळली का, ते लिहिलेलं नाही. ती दावीदाकडे जायला उत्सुक होती की पालटीच्या घरात तिचं मन रमलं होतं, तेही नाही. जी बाई एका रात्री इतकं बोलली, इतकं धडाडीने वागली, तिला इथे कथाकाराने एक शब्द दिलेला नाही. पुढच्या लोकांनाही हे रडणं पचवणं जड गेलं. नियमशास्त्रात, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात स्पष्ट म्हटलंय की दुसऱ्याची झालेली बायको पहिल्या नवऱ्याने परत करू नये. मग दावीदाचं काय? तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या आचार्यांनी तोड काढली: पालटीने त्यांच्या मंचकावर मध्ये तलवार ठेवली होती, त्याने तिला कधी स्पर्श केला नाही, आणि एवढा मोठा संयम पाळण्याची संधी आता संपली म्हणून तो रडला. मला आचार्यांविषयी आदर आहे, पण हे वाचून वाईट वाटलं. राजाला दोषमुक्त करण्यासाठी एका साध्या माणसाचे अश्रूदेखील त्याच्याकडून काढून घेतले गेले.

नंतरचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असलेला. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या कराराची पवित्र पेटी, यरुशलेमेत येतो, दावीद तागाचा एफोद, याजकाचं वस्त्र, घालून परमेश्वरापुढे जीव तोडून नाचतो, आणि मीखल खिडकीतून पाहते. तिला मनातून त्याचा तिरस्कार वाटला, असं लिहिलंय. ज्या मनात प्रेम बसल्याचं सांगितलं होतं, त्याच मनात आता हे. त्या रात्री पलायनाची वार्ता सांगताना पुस्तकाने तिला ‘दावीदाची बायको मीखल’ म्हटलं होतं. इथे तीनही वेळा ती ‘शौलाची मुलगी’ आहे. ती बाहेर येऊन त्याला सुनावते: इस्राएलाचा राजा आज काय शोभला, चाकरांच्या दासींसमोर उघडा पडून! दावीद उलटून बोलतो, तुझ्या बापाला आणि त्याच्या सगळ्या घराण्याला सोडून परमेश्वराने मला निवडलं. शेवटचा घाव बापावर. तिचा बाप मेलेला, भाऊ मेलेले. यावर ती काय म्हणाली? काही नाही. थेट ते वाक्य येतं, तिला मरेपर्यंत मूल झालं नाही. देवाची शिक्षा, की राजाने तिच्या दालनाची पायरी पुन्हा चढली नाही, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. बहुतेक वर्षी वसंतात, नियमशास्त्राचा शेमिनी हा परिच्छेद ज्या शब्बाथला, म्हणजे शनिवारी, येतो, त्या दिवशी सिनेगॉगमध्ये हाच अध्याय वाचतात. अश्कनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या यहुद्यांच्या, पद्धतीत भांडणासकट पुढच्या अध्यायाचा भागही येतो. सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या यहुद्यांच्या, पद्धतीत वाचन एकोणिसाव्या वचनाशी, भांडणाच्या आधी, थांबतं. बेने इस्रायल सेफार्दी रीत पाळतात. म्हणजे आजींच्या लहानपणापासून ठाण्याच्या त्या १८७९ सालच्या सिनेगॉगमध्ये खिडकीत उभी असलेली मीखल बहुतेक वर्षी ऐकू आली असणार, आणि तिचं बोलणं, तिचं वांझपण वाचनाच्या बाहेर राहिलं असणार. शास्त्रातल्याच ‘इतिहास’ नावाच्या पुस्तकात जो हीच कथा पुन्हा सांगतो, त्यानेही असंच केलंय: खिडकी आणि तिरस्कार ठेवला, भांडण काढून टाकलं. शौलाच्या वंशावळीत तो त्याच्या मुलग्यांची नावं देतो. मुलींची देत नाही.

आता ती पाच पोरं.

हिब्रूतली सगळ्यात जुनी संपूर्ण प्रत कैरोत लिहिली गेली, इसवी सन १००८ च्या आसपास. तिच्यात एकविसाव्या अध्यायात मीखलचंच नाव आहे: तिने बर्जिल्लय महोलाथी याचा मुलगा अद्रीएल याला दिलेले पाच मुलगे. अद्रीएल तर मेरबचा नवरा. काही थोड्या हिब्रू हस्तलिखितांत, ग्रीकच्या एका शाखेत आणि जुन्या सिरियाक भाषांतरात तिथे मेरब आहे. आजचे बहुतेक अभ्यासक म्हणतात, नकल करणाऱ्याचा हात चुकला, मूळ नाव मेरब. ही सगळ्यात सरळ उकल, आणि ती बरोबर असण्याचा संभव मोठा आहे. गंमत अशी की मेरब देऊ केल्याचा तो आधीचा प्रसंग व्हॅटिकनमधल्या चौथ्या शतकातल्या ग्रीक प्रतीत नाहीच. म्हणजे थोरल्या बहिणीची गोष्टही सगळीकडे सारखी टिकलेली नाही. पण जुन्या लोकांसमोर ‘मीखल’ असा पाठ होता आणि पाठाला हात लावायचा नाही अशी शिस्त. तारगुम या जुन्या अरामी भाषांतराने वाक्य वाकवून घेतलं, मेरबने जन्म दिला आणि मीखलने वाढवलं. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने नाव मीखलचंच ठेवलं आणि क्रियापद ‘वाढवले’ असं केलं. पहिल्या शतकातल्या जोसेफस या यहुदी इतिहासकाराने वेगळीच वाट धरली: दावीदाकडे तिला मूल झालं नाही, नंतर बापाने दिलेल्या नवऱ्याकडे परत गेल्यावर पाच झाली. म्हणजे त्याच्या कथेत पालटीचं रडणं फुकट गेलं नाही. कालक्रम जुळत नाही हे उघड आहे, तरी मला जोसेफसचं हे वाक्य वाचून क्षणभर आनंद झाला होता. तालमुदात तर आणखी मतं आहेत. हेब्रोनातल्या दावीदाच्या बायकांच्या यादीत एग्ला नावाची एक आहे. कुणी म्हणालं, तीच मीखल. मग मूल नव्हतं त्याचं काय? एक उत्तर: मरेपर्यंत नव्हतं, मरणाच्या दिवशी झालं. दुसरं उत्तर: त्या भांडणाआधी झालं होतं, नंतर नाही. आणखी एका जागी ओघात येतं की शौलाची मुलगी तेफिलीन, म्हणजे पुरुषांनी प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या चामडी पेट्या, बांधत असे आणि शहाण्यांनी तिला अडवलं नाही. दुसरा, यरुशलेमी तालमूद म्हणतो, अडवलं. दोन-तीन पानांची बाई, पण तिच्याविषयी दोन माणसांचं एकमत होईल असं एक वाक्य सापडणं कठीण.

आजींचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी मिळालं. मी आत पाऊल टाकताच त्या म्हणाल्या, “बहीण गेली असेल गं तिची. हिने वाढवली असतील. माय मरो पण मावशी उरो, म्हणतात ना.” तालमुदातल्या सन्हेद्रिन नावाच्या भागातलं पान त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. पण यहोशवा बेन कोर्हा या आचार्यांनी तिथे हेच म्हटलंय: मेरबने जन्म दिला, मीखलने वाढवलं, म्हणून ती तिच्या नावाने ओळखली गेली; जो कुणी पोरक्याला आपल्या घरात वाढवतो, त्याने त्याला जन्मच दिला असं शास्त्र धरतं. दाखला रूथच्या पुस्तकातला, जिथे मूल रूथला होतं आणि शेजारणी म्हणतात तिची सासू नामी हिला मुलगा झाला. मेरब मेल्याचं शास्त्रात कुठेही नाही. ती मेली असं आचार्यही गृहीत धरतात, आजीही. दोघांनाही मीखलच्या ओटीत काहीतरी घालायचं होतं. राजवाड्याच्या त्या कोपऱ्यातल्या दालनात ती एकटीच म्हातारी झाली, हे दोघांनाही सहन झालं नसावं.

मलाही तेच हवं होतं. पाच भाचे, घरभर पायांचे आवाज, जेवताना भांडणं, कुणाच्या तापात जागवलेल्या रात्री. ज्या बाईने एकदा अंथरुणात मूर्ती निजवून पांघरूण घातलं, तिने खरोखरीच्या मुलांवर पांघरूण घातलेलं मला पाहायचं होतं. म्हणून मी आजींना हो म्हटलं आणि अध्याय पुढे वाचायला घेतला.

पुढचं वाचताना माझा आवाज खाली आला. या पाचांना राजा गिबोनी लोकांच्या हाती देतो. तो राजा तिचा नवरा आहे. डोंगरावर, परमेश्वरासमोर, सातही जणांना एकदम टांगतात. जवाच्या कापणीचे पहिले दिवस. योनाथानाला दिलेल्या शपथेसाठी दावीद योनाथानाच्या मुलाला वगळतो. मीखलने त्याचा जीव वाचवला होता, त्याची आठवण ठेवून या पाचांतल्या एकालाही वगळत नाही. आचार्यांनी आणि आजींनी मायेने तिच्या ओटीत घातलेली मुलं दयेपोटी घातली होती, आणि ती अशी वधस्तंभाच्या वाटेवर उभी आहेत. ती तिची नसतील तर तिचा वांझपणा खरा. ती तिची असतील तर हे खरं. मेरबचं नाव परत बसवलं की मीखल या सगळ्यातून सुटते, आणि तिच्याकडे काहीही उरत नाही. तिच्यासाठी यातलं काय मागावं, हे मला आजही सांगता येत नाही. अभ्यासकाने ‘मेरब’ म्हणावं हे मला पटतं. वाचताना मात्र माझ्या तोंडात ‘मीखल’च येतं, आणि ते मी बदलत नाही. ती कुणाची तरी होती आणि कुणीतरी तिचं होतं, असं म्हणणारं दावीदाच्या घराबाहेरचं हे एवढंच वाक्य तिच्या नावावर आहे.

आणि मग रिस्पा. शौलाची उपपत्नी, अय्याची मुलगी. तिचे दोन त्या सातांत होते. ती गोणपाट घेऊन त्या खडकावर बसते, कापणीच्या सुरुवातीपासून आकाशातून पाऊस पडेपर्यंत. म्हणजे उन्हाळ्याचे सगळे महिने. दिवसा पाखरांना बसू देत नाही, रात्री श्वापदांना जवळ येऊ देत नाही. सातही प्रेतं तिच्यासमोर आहेत; तिने फक्त आपल्या दोघांपुढेच काठी आपटली असेल असं मला वाटत नाही. वास, माश्या, गिधाडांच्या पंखांची फडफड, दगडाला चढलेली धग, यातून ती एकटी. पाच मुलगे जिचे म्हणून लिहिले आहेत ती कुठे आहे? रिस्पा एक शब्द बोलत नाही, पण तिला कथाकाराने निदान त्या डोंगरावर बसू दिलंय. मीखलला तेही नाही. मी स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिलं की ती तिथे रिस्पाच्या शेजारी असेल, आळीपाळीने राखण करत असतील. पाठात त्याला जागा नाही. ती खिडकीपाशीच आहे, यरुशलेमेत, आणि तिथून तो डोंगर दिसत असेल की नाही हेही कथाकार सांगत नाही.

आजींना मी हे सगळं एका दमात वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “रिस्पाचं नाव आमच्यात कुणी मुलीला ठेवलेलं मी नाही ऐकलं. ठेवायला हवं होतं.” मीखलविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी मला अध्याय पुरा करायला सांगितला.

अध्याय पुरा होतो तो हाडांवर. रिस्पाने काय केलं ते दावीदाच्या कानावर जातं, आणि मग कुठे त्याला सुचतं. याबेश-गिलादाच्या लोकांकडून तो शौलाची आणि योनाथानाची हाडं आणवतो. टांगलेल्यांची हाडंही गोळा केली, असं वाक्य येतं. पुढचं वाक्य दफनाचं, बन्यामिनाच्या मुलखात सेला इथे, शौलाचा बाप कीश याच्या कबरीत. आणि हिब्रूत त्या वाक्यात दोनच नावं आहेत, शौल आणि योनाथान. गोळा केलेल्या सातांचं पुढे काय झालं ते येत नाही. ग्रीक पाठात तिथे एक तुकडा जास्त आहे: ‘आणि टांगलेल्यांची’. नंतरच्या कुणा भाषांतरकाराला ते उघडं राहणं बघवलं नाही म्हणून त्याने घातला असेल, किंवा त्याच्यासमोरच्या जुन्या हिब्रू प्रतीत तो असेलही. मुलं मीखलची की मेरबची, या भांडणात मी कुठल्या बाजूला आहे ते माझं मलाच नीट ठाऊक नाही. या एका ठिकाणी मात्र मला शंका नाही. इथे मी ग्रीक पाठच धरते.